मूठभर तांदूळ आणि एक पैसा : वर्गणीच्या इतिहासातून काही बोध

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याची साधने कोणती? सनदा, इनामपत्रे, देवस्थानांची दफ्तरे, घराण्यांच्या वंशावळी ही उत्तरे सहज सुचतात. आम्ही त्यांत आणखी एका साधनाची भर घालू इच्छितो. ते म्हणजे आपल्या मंडळांच्या, वाचनालयांच्या आणि शाळांच्या कपाटांत पडून असलेल्या वर्गणीच्या वह्या. सनदेत राजाची मर्जी दिसते. वर्गणीच्या वहीत समाजाची इच्छा दिसते. कोणी काय दिले, कोणत्या वर्षी दिले, कोणाच्या नावापुढे सतत तीन वर्षे रेघ ओढलेली आहे आणि चौथ्या वर्षी ती मागील बाकीसह कशी भरून निघाली आहे, हे सारे त्या पिवळ्या पडलेल्या पानांवर असते.

आमची नोकरी राज्य शासनाच्या सेवेत, बव्हंशी वसुलीच्या आकड्यांत गेली. महसुलाच्या मागे कायदा उभा असतो. नोटीस असते, मुदत असते, जप्ती असते. वर्गणीच्या मागे यांपैकी काहीच नसते. मागणाऱ्याचा शब्द आणि देणाऱ्याचा विश्वास, एवढ्याच भांडवलावर ती चालते. म्हणूनच महसूल गोळा करणाऱ्या माणसाला वर्गणीचे कोडे अधिक वाटते. सक्ती नसताना माणसे का देतात, आणि देती माणसे एके दिवशी देणे का थांबवतात?

हा प्रश्न आज केवळ जिज्ञासेचा राहिलेला नाही. आपल्या अनेक मंडळांच्या वास्तू जुन्या झाल्या आहेत. कोठे छत गळते, कोठे ग्रंथालयाला वाळवी लागली आहे, कोठे वास्तू पाडून इमारत बांधून देण्याचे प्रस्ताव येत आहेत. पैसा उभा करावा लागणार हे सर्वांस मान्य आहे. कसा, यावर मतभेद आहेत. अशा वेळी आपल्या पूर्वजांनी हे काम कसे केले, ते एकदा नीट पाहणे इष्ट ठरेल.

राजाश्रय आणि लोकाश्रय

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या वसाहतींचे या दृष्टीने दोन गट पडतात. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे मराठी राजसत्ता होत्या. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे तर ग्रंथालयांसाठी आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी देशभर नावाजले गेले. अशा ठिकाणी एखादी संस्था काढायची, तर दरबाराकडे अर्ज करणे ही स्वाभाविक वाट होती. याउलट पोर्तुगीज अमलाखालील गोवा आणि निजामाचे हैदराबाद येथे राज्यकारभाराची भाषा वेगळी होती. तेथे मराठी शाळा हवी असेल, तर ती लोकांनी लोकांच्या पैशावर काढणे याखेरीज मार्ग नव्हता. हैदराबादची विवेकवर्धिनी १९०७ मध्ये निघाली, पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्ये. दोन टोकांच्या दोन शहरांत, जवळजवळ एकाच काळी, एकाच गरजेतून.

पुढे इतिहासाने कूस बदलली. १९४८ मध्ये इंदूर आणि ग्वाल्हेर मध्य भारतात विलीन झाले, १९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात आले, १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजाश्रयावर वाढलेल्या संस्थांना मग लोकांच्या दारी जावे लागले. ज्यांना ही सवय आधीपासून होती, त्यांना ते सोपे गेले. ज्यांना नव्हती, त्यांना ती उतारवयात लावून घ्यावी लागली. आजही आपल्यापैकी काहींच्या मनात, कोणीतरी मोठा माणूस येईल आणि सारे मार्गी लावील, ही आशा घर करून असते. तिचे मूळ या इतिहासात आहे.

वार, माधुकरी आणि मुष्टिफंड

वर्गणी हा प्रकार आपण इंग्रजी संस्थांकडून घेतला, असा एक समज आहे. सभासद, अध्यक्ष, छापील पावती ही रचना तिकडून आली हे खरे. पण थोडेथोडे मागून एक मोठे काम निभावण्याची रीत आपल्याकडे जुनीच होती. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून जेवत असे. एका घरावर आठवड्यातून एकाच दिवसाचा भार पडे आणि सात घरांच्या मिळून एका मुलाचे शिक्षण पार पडे. माधुकरीचे तत्त्वही तेच. मधमाशी जशी एका फुलाला न दुखावता अनेक फुलांतून मध घेते, तसे मागावे. या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती बहुतांशी जातीच्या कुंपणात होती. देणारा आणि घेणारा, दोघेही आतलेच असत.

मुष्टिफंडाने हे कुंपण पुष्कळसे ओलांडले. त्याची पद्धत साधी होती. घरातील बाईने स्वयंपाकाचे तांदूळ किंवा धान्य काढताना एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. ठरलेल्या दिवशी कार्यकर्ते येऊन ते घेऊन जायचे, विकायचे आणि आलेल्या पैशावर शाळा चालवायची. हिशेब करून पाहा. एक मूठ अदमासे ५० ग्रॅम धरली, तर १०० घरांतून रोज ५ किलो आणि महिन्याला दीड क्विंटल धान्य जमते. कोणाच्या ताटातला घास कमी होत नाही आणि मास्तरांचा पगार निघतो.

या पद्धतीतील एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. त्या काळच्या गृहिणीच्या हाती रोख पैसा क्वचितच असे. रुपया द्यायचा की नाही, हे घरचा पुरुष ठरवी. मूठभर तांदूळ द्यायचे की नाही, हे मात्र तिचे तीच ठरवीत असे. मुष्टिफंडाने तिला दाता केले आणि तीही रोजची. शाळेची आठवण महिन्यातून एकदा पावतीच्या रूपाने न येता दररोज चुलीपाशी येत असे. ज्या घरात रोज शाळेसाठी मूठ निघते, त्या घरातील मुलगा शाळेत न जाणे कठीण. पोर्तुगीज राजवटीत, १९१० चे प्रजासत्ताक येण्यापूर्वीच, या रीतीने उभी राहिलेली पणजीची संस्था आजही शिक्षणाचे काम करीत आहे.

पैसा फंडाचे गणित

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी एक कल्पना मांडली. प्रत्येक माणसाने देशी उद्योगधंद्यांसाठी वर्षाला केवळ एक पैसा द्यावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि पैसा फंड उभा राहिला. त्या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यावर त्याची सुरुवातीची जबाबदारी होती. तेथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशातील इतर काच-कारखान्यांत गेले.

कल्पना मोहक आहे; पण वसुलीच्या खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाची नजर लगेच आकड्यांकडे जाते. दशमान नाणी १९५७ मध्ये आली. त्यापूर्वी रुपयाचे पैसे ६४. म्हणजे एक रुपया जमवायचा तर ६४ माणसांना भेटावे लागणार. हजार रुपयांसाठी ६४ हजार माणसांना. त्या वेळी टपालाचे कार्ड एका पैशास मिळत असे. एखाद्या वर्गणीदारास आठवणीचे एक कार्ड पाठविले, की त्याची वर्षाची वर्गणी तेथेच संपली! छापील पावती, कार्यकर्त्याचा प्रवास, हिशेबाची वही यांचा खर्च निराळाच.

मग हा फंड चालला कसा? फुकट राबणाऱ्या माणसांच्या पायांवर. लोक जेथे आधीच जमलेले असत तेथे जाऊन, मागण्याचा खर्च अंगावर घेऊन, त्यांनी तो पैसा गोळा केला. एक पैशाचे खरे मूल्य नाण्यात नव्हते. नाही म्हणण्याचे कारण त्याने कोणाजवळ उरू दिले नाही आणि दिल्यानंतर तो कारखाना आपला आहे असे म्हणण्याचा अधिकार हमालापासून वकिलापर्यंत सर्वांस सारखाच दिला, हे त्याचे मोल होते. लहान वर्गणी गोळा करणे महाग पडते, हे मात्र विसरता कामा नये. ज्या मंडळाजवळ फिरणारी माणसे नाहीत, त्याने केवळ लहान वर्गणीच्या भरवशावर छपराचे काम हाती घेऊ नये.

अण्णा कर्वे यांची वाट

मागावे कसे, याचा वस्तुपाठ धोंडो केशव कर्वे यांनी घालून दिला. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तोही त्याच समाजाच्या मदतीवर चालवायचा होता. ज्यांनी बहिष्कार घातला त्यांच्याच दारी जाऊन पैसे मागण्याची ही स्थिती होती. १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळ हिंगण्यास गेला. अण्णा तेथून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविण्यास पायी जात-येत, आणि सुट्ट्यांत वर्गणीसाठी गावोगाव हिंडत.

त्यांच्या पद्धतीत तीन गोष्टी दिसतात. स्वतःची शिल्लक त्यांनी प्रथम घातली आणि मग इतरांपुढे हात पसरला. मिळालेल्या रकमेचा, ती कितीही लहान असो, हिशेब चोख ठेवला. आणि नकार देणाऱ्यावर ते रागावले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तितक्याच शांतपणे त्याच्या दारी गेले. मतभेद असलेल्या माणसानेही अखेर मदत करावी, याचे कारण या तीन गोष्टींत आहे असे आम्हांस वाटते. सुधारणेबद्दल शंका असू शकत होती, माणसाबद्दल उरली नव्हती.

१९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली. आजच्या वादाच्या दृष्टीने हा प्रसंग फार बोलका आहे. एक तर ही देणगी १८९६ पासून २४ वर्षे केलेल्या लहानसहान वर्गण्यांच्या पायपिटीनंतर आली. मोठा दाता बहुधा मळलेल्या वाटेनेच येतो. जेथे शेकडो लोक आधी विश्वास ठेवून गेले आहेत, तेथे तो आपला विश्वास ठेवतो. दुसरे असे की, ती अटींसह आली. विद्यापीठास ठाकरसींच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लागले. त्यात गैर काहीच नाही; कार्यास आयुष्य मिळाले. परंतु मोठ्या देणगीबरोबर नाव येते, अट येते आणि कधी निर्णयात वाटाही येतो, याची जाण घेणाऱ्यास आधी असली पाहिजे. कोणत्या अटी मान्य आणि कोणत्या अमान्य, हे धनादेश हाती येण्यापूर्वी सभेने ठरवावे. धनादेश समोर असताना तसा विचार करणे मनुष्यस्वभावास जड जाते.

आकडा, मुदत आणि एक रंगभूमीचा प्रसंग

लोकमान्यांच्या साठाव्या वाढदिवशी, २३ जुलै १९१६ रोजी, लोकांनी त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. त्यांनी ती स्वतःसाठी न घेता राष्ट्रकार्यास दिली. ज्याने आयुष्यभर मागितले, त्याने स्वतःसाठी मागितले नव्हते, याची ती जाहीर पावतीच होती. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावे स्वराज्य फंड काढण्यात आला आणि १९२१ च्या वसंतात बेझवाडा येथे काँग्रेसने ठरविले, की ३० जून १९२१ पर्यंत एक कोटी रुपये जमवायचे. आकडा नेमका आणि मुदत नेमकी. त्या काळी एक कोटी ही कल्पनेबाहेरची रक्कम होती. पण ती जमली. ‘यथाशक्ती मदत करावी’ या वाक्याने जे होत नाही, ते नेमक्या आकड्याने आणि तारखेने होते. आकडा दिसला म्हणजे माणूस आपला वाटा मनातल्या मनात काढू लागतो.

त्याच फंडासाठी जुलै १९२१ मध्ये मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले, हे आपल्या नाट्यवेड्या वाचकांस सांगणे नको. खाडिलकरांच्या त्या नाटकात गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी झाले आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. एरवी एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या दोन कंपन्या एका रंगमंचावर आल्या. काही महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. त्यामुळे तो प्रयोग रसिकांच्या स्मरणात अधिकच कोरला गेला. एकाच शहरातील आपली दोन मराठी मंडळे, ज्यांचे पदाधिकारी एकमेकांच्या गणेशोत्सवास जाणे टाळतात, त्यांनी या प्रयोगाचे स्मरण ठेवावे. दोघांनी मिळून एक चांगला कार्यक्रम केला, तर तिकिटांहून अधिक काही पदरात पडेल.

वडाची पारंबी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहू, जेवू आणि शिकू लागली. वारावर जेवण्याच्या जुन्या रीतीतले कुंपण येथे पूर्णपणे मोडले. संस्थेस खेड्यापाड्यांतून धान्य येई, विद्यार्थी स्वतः शेतात राबत. दात्याच्या उपकाराचे ओझे मुलांवर राहू नये म्हणून स्वावलंबन हेच संस्थेचे ब्रीद झाले. ज्याच्यासाठी वर्गणी गोळा होते त्यानेही काही दिले पाहिजे, घाम का होईना, हा त्यातील विचार.

याच संस्थेच्या इतिहासात लक्ष्मीबाई पाटील यांचे नाव आदराने घेतले जाते. बोर्डिंगातील मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून त्यांचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले. या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो. पण त्यापासून व्यवहाराचा धडाही घ्यावा. कार्यकर्त्याच्या घरातील सोने ही संस्थेची गंगाजळी होऊ नये. चालू खर्च आणि कायम निधी यांची खाती वेगळी असावीत. कायम निधीच्या मुद्दलास सर्वसाधारण सभेच्या ठरावाखेरीज कोणी हात लावू नये.

आजच्या कामासाठी

या साऱ्या इतिहासातून निघणारे बोध साधेच आहेत. हेतू एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘ग्रंथालयाचे छप्पर’ हा हेतू आहे. ‘मंडळाचा सर्वांगीण विकास’ हा नव्हे. यादीतील पहिली नावे कार्यकारिणीच्या सभासदांची असावीत आणि त्यांच्यापुढे रक्कम जमा झालेली असावी. लहानात लहान वर्गणी अशी ठेवावी, की निवृत्तिवेतनावरील विधवा बाईसही ती देताना संकोच वाटू नये. दात्यांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने न लावता अकारविल्हे लावली, तर तो संकोच आणखी कमी होईल. सक्ती कोणावर करू नये. वर्गणीसाठी दाराशी अडून बसणाऱ्या मंडळींनी या पवित्र शब्दाचे किती नुकसान केले आहे, ते आपण सर्व जाणतो.

पावतीचे महत्त्व तर सांगावे तितके थोडे. निवृत्तीनंतर आम्ही एका संस्थेस, तिचे नाव येथे अप्रस्तुत आहे, यथाशक्ती देणगी दिली. दोन वर्षे पावती आली नाही. तिसऱ्या वर्षी छापील विनंतीपत्र मात्र आले, त्यात आम्ही प्रथमच देणगी द्यावी अशी कळकळीची विनंती होती. रकमेचे दुःख नव्हते. आपली नोंदच झाली नाही, याचे होते. आज भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे जमा होतात. त्यामुळे दात्याला शोधणे सोपे झाले असले, तरी त्याला विसरणेही तितकेच सोपे झाले आहे. पैसे कोणत्याही मार्गाने येवोत, पावती क्रमांकासह जावी, तिची स्थळप्रत राहावी, आणि वर्षअखेरीस तपासलेला ताळेबंद सभासदांच्या घरी पोहोचावा. आयकरात सवलत मिळणाऱ्या संस्थांनी हेही सांगावे, की २०१७ च्या दुरुस्तीपासून दोन हजारांवरील रोख देणगीस ती सवलत मिळत नाही. प्रत्येक राज्याचा सार्वजनिक न्यासांचा कायदा वेगळा आहे; जाहीर वर्गणी काढण्यापूर्वी तो पाहून घ्यावा.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मुष्टिफंड स्त्रियांच्या हातांनी चालला. परंतु आपल्या कित्येक कार्यकारिणींत आजही स्त्रिया हळदीकुंकवाच्या समितीपुरत्याच दिसतात. खजिनदाराच्या पदासाठी याहून योग्य परंपरा कोणाची असेल?

राहिला मोठ्या देणगीचा प्रश्न. एकाच धनिकाने किंवा बांधकाम व्यावसायिकाने सारा खर्च उचलला, तर छप्पर लवकर होईल, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वीस वर्षांनी त्या छपराखाली कोण बसणार? परगावी गेलेल्या आपल्या मुलांनी एकदा का होईना त्यात आपला वाटा घातला असेल, तर ती वास्तू त्यांची राहील. घातला नसेल, तर ती त्यांच्या दृष्टीने आजोबांच्या आठवणीतली एक इमारत असेल, आणि अशी इमारत विकण्यास फारसे मन लागत नाही. म्हणून मोठी देणगी घ्यावी, आदराने घ्यावी; परंतु एकूण खर्चाचा काही भाग लहान वर्गणीतूनच उभा करण्याचा ठराव आधी करावा. मंडळाच्या सभासद असलेल्या प्रत्येक कुटुंबाचे नाव त्या वहीत यावे, हे उद्दिष्ट रकमेच्या उद्दिष्टाइतकेच पक्के असावे.

वाचकांस आमची एक विनंती आहे. आपापल्या मंडळाच्या कपाटातील जुन्या वर्गणीच्या वह्या काढाव्यात, वाळवीपासून वाचवाव्यात, आणि पुढील सर्वसाधारण सभेत निधीचा विषय निघेल त्या वेळी त्या टेबलावर ठेवाव्यात. त्यांत आपल्या आजोबांच्या नावापुढे चार आणे लिहिलेले कोणास सापडले, तर त्याने आपली वर्गणी किती असावी, हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागणार नाही.